लक्षणं नसताना चाचणी कशासाठी?

८ मार्च २०२१ रोजी इंग्लंडमधल्या शाळा दोन महिन्यांच्या खंडानंतर पुन्हा उघडल्या. माध्यमिक शाळेतल्या मुलांना वर्गात बसण्याआधी आणखी एक काम करायचं होतं. शाळेच्या सभागृहात टेबलं मांडली होती. प्रत्येक मुलाने स्वतःच घशात आणि नाकात कापसाचा बोळा लावलेली काडी फिरवायची, ती कर्मचाऱ्याकडे द्यायची आणि अर्धा तास वाट पाहायची. अशा तीन चाचण्या शाळेत झाल्या की पुढे आठवड्यातून दोनदा घरीच चाचणी करायची. शिक्षकांनाही हाच नियम होता. ९ एप्रिलपासून तर इंग्लंडमधल्या प्रत्येकाला आठवड्याला दोन चाचण्या मोफत मिळू लागल्या.

या सगळ्यांत एक अट समान होती. चाचणी करणाऱ्याला ताप, खोकला असं काहीही नसावं. ज्यांना लक्षणं होती त्यांच्यासाठी वेगळी, प्रयोगशाळेत होणारी पीसीआर चाचणी होती. म्हणजे ही मोहीम ठणठणीत माणसांसाठी होती! डोकं दुखत नसताना डोकेदुखीची गोळी घेण्यासारखाच हा प्रकार अनेकांना वाटला. शिवाय ही झटपट चाचणी पीसीआरच्या मानाने बरीच कच्ची होती. मग कच्ची चाचणी, तीही निरोगी दिसणाऱ्यांवर आणि तीही पुन्हा पुन्हा, हा खटाटोप कशासाठी? या प्रश्नावर शास्त्रज्ञांमध्येही चांगलीच जुंपली होती. त्या वादात जीवशास्त्र आहे, थोडं रसायनशास्त्र आहे आणि दहावी-बारावीच्या मुलांना सहज झेपेल असं गणितही आहे. म्हणून त्याची उजळणी आज करण्यासारखी आहे.

न दिसणारे रुग्ण

सुरुवात इटलीपासून करू. पादुआ शहराजवळ व्हो नावाचं सुमारे सव्वातीन हजार वस्तीचं गाव आहे. २१ फेब्रुवारी २०२० रोजी इटलीतला कोविडचा पहिला मृत्यू या गावातल्या रहिवाशाचा झाला. लगेच गावाची नाकेबंदी झाली आणि जवळजवळ सगळ्या गावाचीच चाचणी घेण्यात आली. पहिल्या फेरीत ८५.९ टक्के लोक आले, दोन आठवड्यांनी दुसऱ्या फेरीत ७१.५ टक्के. पहिल्या वेळी २.६ टक्के लोकांना संसर्ग होता, दुसऱ्या वेळी १.२ टक्के. पण सगळ्यांचं लक्ष वेधून घेतलं ते वेगळ्याच आकड्याने. संसर्ग झालेल्यांपैकी ४२.५ टक्के लोकांना कोणतंही लक्षण नव्हतं. आणि त्यांच्या नाका-घशातल्या विषाणूचं प्रमाण आजारी पडलेल्यांच्या तुलनेत कमी आढळलं नाही.

यात दोन गट वेगळे करायला हवेत. काहींना शेवटपर्यंत लक्षणं येतच नाहीत. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा या गटाचं प्रमाण पाचात एकाच्या आसपास निघालं. दुसरा गट म्हणजे ज्यांना लक्षणं येणार आहेत, पण अजून आलेली नाहीत. मूळच्या विषाणूच्या बाबतीत संसर्ग झाल्यापासून ताप-खोकला सुरू होईपर्यंत सरासरी पाच दिवस जात, आणि माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच इतरांना संसर्ग देऊ लागे. म्हणजे सोमवारी ज्या गुरुजींना कणकण वाटली, ते शनिवारी वर्गात शिकवत असतानाच विषाणू पसरवत होते. ताप आल्यावर घरी थांबून हे दोन दिवस परत मिळत नाहीत. देवीच्या रोगाच्या बाबतीत अशी अडचण नव्हती. अंगावर पुरळ येण्याआधी रोगी फारसा संसर्ग देत नसे, त्यामुळे रोगी दिसला की साखळी तोडता येई. कोविडमध्ये ही सोय नाही.

कागदाच्या पट्टीवरचा प्रवास

झटपट चाचणीला 'लॅटरल फ्लो' म्हणतात, म्हणजे आडवा वाहणारा द्रव. टीपकागदाचं टोक शाईत बुडवलं की शाई आपोआप पुढे सरकते, तेच इथे घडतं. प्लॅस्टिकच्या डबीत नायट्रोसेल्युलोजची एक पट्टी असते. नाकातला नमुना एका विशिष्ट द्रावणात घोळवून त्याचे काही थेंब एका टोकाला टाकतात. तिथे विषाणूच्या एका प्रथिनाला (त्याचं नाव न्युक्लिओकॅप्सिड) चिकटणारी प्रतिपिंडं वाळवून ठेवलेली असतात. प्रत्येक प्रतिपिंडाला रंगीत कण जोडलेला असतो, बहुतेक वेळा सोन्याचा अतिसूक्ष्म कण. द्रवाबरोबर ही जोडी पुढे वाहत जाते.

वाटेत पट्टीवर आडव्या रेषेत दुसरी प्रतिपिंडं घट्ट बसवलेली असतात. तीही त्याच प्रथिनाला पकडतात. विषाणूचं प्रथिन असेल तर ते दोन प्रतिपिंडांच्या मध्ये, सँडविचमधल्या काकडीसारखं अडकतं आणि रंगीत कण तिथेच साचून रेघ उमटते. प्रथिन नसेल तर रंगीत कण न थांबता पुढे जातात. त्यांच्यापुढे आणखी एक रेषा असते. ती रंगीत प्रतिपिंडांनाच थेट पकडते. ही रेघ प्रत्येक वेळी उमटलीच पाहिजे. ती आली नाही तर द्रव नीट वाहिलाच नाही, चाचणी बाद. गरोदरपणाची घरगुती चाचणी याच तत्त्वावर १९८८ पासून बाजारात आहे.

या पट्टीचा एक मजेशीर किस्सा शिक्षकांना माहीत असायलाच हवा. २०२१च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या काही मुलांना शोध लागला, की पट्टीवर संत्र्याचा रस किंवा कोला टाकलं की दोन रेघा येतात. म्हणजे शाळेला बुट्टी! हल विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक मार्क लॉर्च यांनी हे करून पाहिलं. पेयात कोविड नव्हता, आम्ल होतं. प्रतिपिंडं ही प्रथिनंच, आणि आम्लात प्रथिनांवरचे विद्युतभार बदलतात. त्यामुळे रंगीत प्रतिपिंडं रेषेवरच्या प्रतिपिंडांना उगीचच चिकटतात. संचाबरोबर येणारं द्रावण सामू स्थिर ठेवतं ते एवढ्यासाठीच. लॉर्च यांनी रेघ उमटलेल्या पट्टीवरून तेच द्रावण पुन्हा वाहवलं, तर खोटी रेघ पुसली गेली. बुट्टी मारू पाहणाऱ्या मुलांनी नकळत उत्तम प्रयोग केला होता, हे मात्र खरं.

अठ्ठावीस की सत्तर?

पीसीआर चाचणी विषाणूचा जनुकीय मजकूर शोधते आणि त्याच्या प्रती काढते. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत एकाच्या १०७ कोटींवर प्रती होतात. त्यामुळे नमुन्यात मूठभर रेणू असले तरी ते सापडतात. झटपट चाचणीत अशी वाढ करण्याची सोय नाही. जेवढं प्रथिन काडीवर आलं, तेवढ्यावरच रेघ उमटायची.

नोव्हेंबर २०२० मध्ये लिव्हरपूल शहरात, लक्षणं नसलेल्या सर्वांसाठी चाचणी खुली करण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला. मदतीला सुमारे दोन हजार सैनिक आले होते. त्यातल्या साडेपाच हजारांच्या आसपास लोकांची दोन्ही चाचण्यांनी तपासणी झाली. पीसीआरने ७० जणांना संसर्ग असल्याचं सांगितलं. झटपट चाचणीला त्यांतले २८ जण सापडले. म्हणजे ४० टक्के! निरोगी माणसाला चुकून संसर्गित ठरवण्याचे प्रकार मात्र फक्त तीन.

वाद पेटला तो इथे. बर्मिंगहॅम विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ जॉन डीक्स आणि त्यांचे सहकारी म्हणत होते, की निम्म्याहून अधिक रुग्ण निसटत असतील तर 'तुम्ही निर्धोक आहात' असा खोटा दिलासा लोकांना मिळेल आणि ते आजीच्या भेटीला जातील. अमेरिकेत हार्वर्डचे साथरोगतज्ज्ञ मायकेल मिना उलट बाजू मांडत होते. त्यांचं म्हणणं, पीसीआर हे मोजमापच चुकीचं धरलं आहे. पीसीआरला विषाणूचे मृत अवशेषही सापडतात, आणि ते माणूस बरा झाल्यावर काही आठवडे नाकात राहू शकतात. आपल्याला शोधायचे आहेत ते आज संसर्ग देणारे लोक. लिव्हरपूलच्या त्याच ७० जणांत ज्यांच्या नाकात विषाणू सर्वांत जास्त होता, त्यांपैकी दहांतले नऊ झटपट चाचणीने पकडले होते.

आम्हाला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. दोघांचे प्रश्नच वेगळे होते. 'या माणसाला संसर्ग आहे का?' हा डॉक्टरचा प्रश्न. 'या शाळेत आज संसर्ग पसरवणारं कोण बसलं आहे?' हा साथ आवरणाऱ्याचा प्रश्न. प्रयोगशाळेत काम करताना आम्हालाही हे वारंवार जाणवतं, की उपकरण चांगलं की वाईट हे ठरवण्याआधी आपण नक्की काय मोजायला निघालो आहोत ते ठरवावं लागतं.

आठवड्यातून दोनदाच का?

एक हिशोब करू. समजा एक माणूस आजपासून संसर्ग देऊ लागला. 'अ' शाळेत दर सात दिवसांनी पीसीआर होते, ती कधीही चुकत नाही असं धरू, पण निकाल यायला दोन दिवस लागतात. पुढच्या चाचणीपर्यंत त्याला सरासरी साडेतीन दिवस थांबावं लागेल. त्यात निकालाचे दोन मिळवा. साडेपाच दिवस तो वर्गात असेल.

'ब' शाळेत दर साडेतीन दिवसांनी झटपट चाचणी होते. ती संसर्ग देणाऱ्याला १० पैकी ७ वेळा पकडते, निकाल अर्ध्या तासात. पहिल्या चाचणीपर्यंतची सरासरी प्रतीक्षा पावणेदोन दिवस. त्यात तो निसटण्याची शक्यता ०.३, मग आणखी साडेतीन दिवस. पुन्हा निसटण्याची शक्यता ०.०९, मग आणखी साडेतीन. ही भूमिती श्रेढी झाली. ०.३ + ०.०९ + ०.०२७ + ... यांची बेरीज ०.३ भागिले ०.७, म्हणजे साधारण ०.४३. त्याला ३.५ ने गुणलं की दीड दिवस. एकूण सव्वातीन दिवस. कच्ची चाचणी जिंकली! अमेरिकेत डॅनियल लारेमोर, मिना आणि सहकाऱ्यांनी संगणकावर याहून खूप तपशिलात गणित मांडलं, तेव्हा हेच दिसलं. चाचणी किती अचूक यापेक्षा ती किती वेळा होते आणि निकाल किती लवकर येतो, याला जास्त महत्त्व आहे.

आमच्या हिशोबात एक लबाडी दडलेली आहे, ती चाणाक्ष विद्यार्थ्याला दिसेल. पहिल्या वेळी निसटलेला माणूस दुसऱ्या वेळीही दहापैकी सात वेळाच सापडेल हे आपण गृहीत धरलं. पण तो का निसटला? संसर्गाची नुकती सुरुवात होती म्हणून निसटला असेल तर तीन दिवसांनी विषाणू वाढलेला असेल आणि तो नक्की सापडेल. पण नाकात काडी नीट फिरवायला घाबरतो म्हणून निसटला असेल तर पुढच्या वेळीही निसटेल. दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का, हा संभाव्यतेच्या धड्यातला प्रश्न इथे पुस्तकाबाहेर येतो.

तीच रेघ, वेगळा अर्थ

आता समजा १०,००० मुलांची चाचणी केली. चाचणी संसर्गितांपैकी शंभरात ६० पकडते आणि निरोगी हजारांत एकाला चुकून संसर्गित ठरवते.

मे २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये संसर्गाचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास होतं. म्हणजे १०,००० मुलांत १० संसर्गित, त्यांतले ६ सापडले. उरलेल्या ९,९९० निरोगी मुलांतले १० जण चुकून संसर्गित ठरले. रेघ उमटलेल्या १६ मुलांपैकी खरी फक्त ६! वर्षअखेरीस ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा हेच प्रमाण १५ जणांत १ असं झालं. १०,००० मुलांत ६६७ संसर्गित, सापडले ४००. चुकून ठरलेले ९. आता रेघ उमटलेल्या ४०९ जणांत ४०० खरे.

चाचणी तीच, रेघही तीच, पण पहिल्या वेळी तिच्यावर निम्माही भरवसा नाही आणि दुसऱ्या वेळी जवळजवळ पूर्ण. म्हणूनच संसर्ग विरळ होता तेव्हा झटपट चाचणीत रेघ आली की पीसीआरने खात्री करून घ्या असा इंग्लंडमध्ये नियम होता, आणि ११ जानेवारी २०२२ पासून, लाट जोरात असताना, लक्षणं नसलेल्यांसाठी तो स्थगित केला गेला. वर्तमानपत्रांत याची 'धोरणातला गोंधळ' म्हणून थट्टा झाली. वरचं त्रैराशिक मांडलं तर गोंधळ दिसत नाही.

रेघ न उमटण्याचा अर्थ मात्र जपून लावावा. विरळ संसर्गाच्या काळात चाचणी न करताच 'तू निरोगी आहेस' असं प्रत्येकाला सांगणारा माणूसही हजारात ९९९ वेळा बरोबर ठरेल. तेव्हा चाचणीने तेच सांगितलं तर तिने फारसं नवीन काही सांगितलं नाही. सापडला तर थांबवा, हा तिचा उपयोग. सापडला नाही म्हणून सोडा, असा नव्हे.

केंब्रिजची युक्ती

पीसीआर महाग आहे, तरीही ती वापरायची असेल तर? १९४३ मध्ये रॉबर्ट डॉर्फमन यांनी अमेरिकन सैन्यभरतीत उपदंशाच्या रक्तचाचणीसाठी एक उपाय मांडला होता. दहा जणांचे नमुने एकत्र करून एकच चाचणी करा. ती निर्दोष आली तर दहाही जण मोकळे. दोष दिसला तरच त्या दहांची एकेक चाचणी करा. संसर्ग शंभरात एकाला असेल तर १,००० जणांसाठी आधी १०० चाचण्या आणि नंतर सुमारे ९६, म्हणजे १९६ चाचण्यांत काम भागतं. केंब्रिज विद्यापीठाने ऑक्टोबर २०२० पासून वसतिगृहात राहणाऱ्या, लक्षणं नसलेल्या विद्यार्थ्यांची दर आठवड्याला अशीच चाचणी केली. त्यांनी एकाच घरात किंवा जिन्यावर राहणाऱ्यांचा एक गट केला. एकत्र राहणाऱ्यांना संसर्गही एकत्रच होतो, त्यामुळे संसर्गित लोक थोड्याच गटांत एकवटतात आणि चाचण्या आणखी वाचतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही एप्रिल २०२० मध्ये कमी संसर्गाच्या भागांसाठी पाच-पाच नमुने एकत्र करण्याची मुभा दिली होती.

घरी बसणं कोणाला परवडतं?

चाचणीने साथ थांबत नाही. सापडलेला माणूस घरी थांबला तर थांबते. स्लोव्हाकियाने ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर २०२० या दोन दिवसांत ५५ लाखांच्या देशात ३६ लाखांहून जास्त लोकांची झटपट चाचणी केली. सुमारे एक टक्का संसर्गित निघाले. ज्या जिल्ह्यांत आठवड्याने दुसरी फेरी झाली तिथे संसर्गाचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. पण तिथे सापडलेल्याचं सगळं घरच विलगीकरणात जात होतं, आणि चाचणीचा दाखला नसेल तर कामावर जाता येत नव्हतं. त्यामुळे श्रेय चाचणीचं किती आणि बंधनांचं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

लिव्हरपूलमध्ये सक्ती नव्हती. पहिल्या महिन्याभरात साधारण चतुर्थांश रहिवाशांनी झटपट चाचणी करून घेतली. गरीब वस्त्यांत हे प्रमाण बरंच कमी होतं, आणि संसर्ग तिथेच जास्त होता. कारण शोधायला लांब जायला नको. रेघ उमटली की दहा दिवस घरी. इंग्लंडमध्ये तेव्हा कायद्याने मिळणारा आजारपणाचा भत्ता आठवड्याला ९६ पौंडांहून थोडा कमी होता. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी ५०० पौंडांची एकरकमी मदत होती, पण तिच्या अटी होत्या. रोजंदारीवर गोदामात काम करणाऱ्या बाईने अंगात काही नसताना नाकात काडी घालायची ती दहा दिवसांचा पगार बुडवण्यासाठी? तिने चाचणी टाळली तर तिला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. तिचा हिशोब आपल्या श्रेढीइतकाच बिनचूक आहे.

तरीही लिव्हरपूलच्या प्रयोगाचा उपयोग झाला. त्याच्यासारख्या इतर भागांशी तुलना करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्या काळात शहरात कोविडसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा एकूण २५ टक्क्यांनी कमी राहिली. शाळांविषयीही एक महत्त्वाची चाचपणी झाली. इंग्लंडमधल्या २०१ माध्यमिक शाळांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी करून, निम्म्या शाळांत रुग्णाच्या संपर्कातल्या मुलांना दहा दिवस घरी बसवलं आणि निम्म्यांत त्यांना रोज चाचणी करून वर्गात बसू दिलं. दुसऱ्या गटात संसर्ग लक्षणीय वाढला नाही. शाळा बुडण्याची किंमत ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना या निकालाचं मोल वेगळं सांगायला नको.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मे २०२१च्या अखेरपर्यंत ६९ कोटी १० लाख झटपट चाचण्या वाटल्या गेल्या, आणि निकालाची नोंद झाली फक्त ९ कोटी ६० लाखांची, म्हणजे १४ टक्के. बाकीच्या वापरल्या गेल्या की कपाटात राहिल्या, कोणाला ठाऊक! १ एप्रिल २०२२ पासून इंग्लंडमध्ये बहुतेकांसाठी ही मोफत सोय बंद झाली.

भारताने हा मार्ग धरलाच नाही. पुण्याच्या मायलॅबने बनवलेल्या पहिल्या घरगुती संचाला मे २०२१ मध्ये मान्यता मिळाली, ती लक्षणं असलेल्यांसाठी आणि रुग्णाच्या निकट संपर्कातल्यांसाठी. सरसकट चाचणी करू नका असं परिषदेने तेव्हाच सांगितलं होतं. आपली लोकसंख्या, चाचणीची किंमत आणि रोजगाराचं स्वरूप पाहता आठवड्यातून दोनदा ही कल्पना कागदावरच राहिली असती, असं आम्हाला वाटतं. वसतिगृहं, रुग्णालयं, वृद्धाश्रम अशा बंदिस्त जागी मात्र तिचा विचार व्हायला हरकत नव्हती.

वर्गात करून पाहण्यासारखं: चाळीस मुलांना लुडोचा एकेक फासा द्या. सगळे संसर्गित आहेत असं समजा. १ ते ४ पडले तर सापडला, खाली बसायचं. ५ किंवा ६ पडले तर निसटला, उभं राहायचं. उभे राहिलेल्यांनी पुन्हा फासा टाकायचा. साधारण तेरा, मग चार, मग एखादा उरेल. आता खेळ पुन्हा सुरू करा, पण पहिल्यांदा निसटलेल्यांसाठी नियम बदला. १ किंवा २ पडले तरच सापडला. किती फेऱ्यांनंतर सगळे खाली बसतात ते फळ्यावर लिहून ठेवा, आणि दुसऱ्या खेळातली मुलं खऱ्या जगात कोण असतील, हे वर्गाला विचारा.